ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत एक विषय वाढवा

मा. जिल्हाधिकारी, भंडारा जिल्हा यांस,



पत्राचा विषय आधीच सांगतो, म्हणजे आपल्या कार्यालयात ते कुठल्या टेबलावर पाठवायचे याचा घोळ होणार नाही. दर २६ जानेवारीला जिल्ह्यातल्या गावोगावी ग्रामसभा भरतात. त्या ग्रामसभांत १९३० सालची स्वातंत्र्याची प्रतिज्ञा वाचली जावी, एवढीच विनंती आहे. खर्च काही नाही, वेळ पाच-सात मिनिटे. मंजुरीला इतके पुरे व्हावे. पण ही मागणी का सुचली हे सांगायला थोडी जागा लागेल. त्यासाठी आधी पवनीच्या कोटापाशी आणि मग सातासमुद्रापलीकडे जावे लागेल.

पवनीचा कोट आपण पाहिलाच असेल. मातीचा उंच बांध, वर दगडी तट, बाहेर खंदक. १८१८ साली इंग्रजी फौजेने हा कोट चढाई करून घेतला. त्याच वर्षी कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्या बाजूने उठले. कॅप्टन गॉर्डनच्या तुकडीने कामठा जिंकला, पटेलांच्या घराण्याकडून जमीनदारी काढून घेतली गेली आणि लोधी घराण्याकडे गेली. (हे कामठा म्हणजे नागपूरजवळची छावणीची कामठी नव्हे. आपले कामठा १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेले, पण इतिहासाचे जिल्हा विभाजन अजून झालेले नाही, तेव्हा ते आपलेच धरतो.)

या लढाया अचानक उपटल्या नव्हत्या. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची फौज आणि रेसिडेंट जेन्किन्सची तुकडी यांच्यात तुंबळ लढाई झाली. भोसल्यांकडे माणसे कितीतरी पटींनी जास्त, त्यात अरबांचे पायदळ. तरी टेकडी इंग्रजांकडेच राहिली. इंग्रजांकडे म्हणायचे, पण त्या टेकडीवर लढणारे बहुतेक मद्रासी पलटणींचे देशी शिपाई होते. पुढे आप्पासाहेब पकडले गेले, १८१८ च्या मे महिन्यात शिपायाचा वेश करून पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिले, तिथून असीरगड, पंजाब असे भटकत शेवटी जोधपूरला गेले आणि १८४० मध्ये तिथेच वारले.

गोष्ट रोमांचक आहे, आणि आपल्याकडच्या स्मरणिकांत, फ्लेक्सवर, पंधरा ऑगस्टच्या भाषणांत तिला हमखास एक शिक्का मारलेला असतो: ‘स्वातंत्र्ययुद्ध’. माझे भांडण या शिक्क्याशी आहे. चिमणा पटेलांच्या हिमतीबद्दल वाद नाही. पण ते लढले ते धन्यासाठी. धनी गादीवर परत यावा, जमीनदारी टिकावी, हा त्या लढ्याचा पल्ला. त्यात वावगे काही नाही. त्या काळी इमान नावाची जी वस्तू होती तिला ते जागले. आणि धनी कसा? याच आप्पासाहेबांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांची तैनाती फौज आपल्या सहीने नागपूरच्या राज्यात आणली होती. राज्य कुणाचे असावे, रयतेचे का राजाचे, हा प्रश्न पवनीच्या तटावर कुणी विचारलेला नव्हता. तो विचारायला अजून एकशे बारा वर्षे होती.

बंदूक उचलणे आणि ‘आम्ही स्वतंत्र आहोत’ असे म्हणणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही. मला हे नीट उमजले ते अमेरिकेच्या वसाहतींची हकीकत वाचताना. शाळेत आपण ती दोन ओळींत उरकतो: बोस्टनच्या बंदरात चहा बुडवला, मग ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्य जाहीर केले. मधले सगळे गायब. खरी गंमत मधल्यातच आहे.

१९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन आणि काँकर्ड या मॅसॅच्युसेट्समधल्या दोन गावांत पहिल्या गोळ्या सुटल्या. जूनमध्ये बंकर हिलला मोठी लढाई झाली. आता तुम्हाला-मला वाटेल की एवढे रक्त सांडल्यावर लोकांनी राजाला रामराम ठोकला असेल. तसे काही झाले नाही. जुलै १७७५ मध्ये, म्हणजे लढाई पेटलेली असताना, याच वसाहतींच्या काँग्रेसने जॉर्ज तिसरा याला एक विनंतिअर्ज लिहिला. जॉन डिकिन्सन यांनी त्याचा मसुदा केला होता. आम्ही आपली इमानी प्रजा आहोत, मध्ये पडून हे भांडण मिटवा, असा त्याचा सूर. जॉर्ज वॉशिंग्टनसुद्धा त्या काळात समोरच्या सैन्याला राजाचे सैन्य म्हणत नसत, ‘मंत्र्यांची फौज’ म्हणत. राजा देवमाणूस, कारभारीच काय ते लबाड, ही समजूत आपल्याकडेच आहे असे नव्हे. तिकडे तर बंदुकीची नळी तापलेली असतानाही ती शाबूत होती.

राजाने अर्ज हाती घ्यायलाही नकार दिला. २३ ऑगस्ट १७७५ ला त्याने वसाहती बंडखोर ठरवल्या. ऑक्टोबरमध्ये इंग्रजी जहाजांनी फालमथ नावाचे बंदराचे गाव जाळले. डिसेंबरमध्ये पार्लमेंटने वसाहतींचा सगळा व्यापार बंद करणारा कायदा केला, आणि राजा जर्मन संस्थानांतून भाडोत्री शिपाई मागवत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मग जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनचे ‘कॉमन सेन्स’ बाहेर पडले. हा गृहस्थ इंग्लंडहून येऊन सव्वा वर्षही झाले नव्हते. त्याने काय केले, तर सगळे ज्या दारापाशी येऊन थांबत होते ते दार ढकलले. मंत्र्यांना सोडा, तो म्हणाला, मुळात राजाच कशाला हवा? एका बेटाने एवढ्या मोठ्या खंडावर राज्य करायचे यात कोणता शहाणपणा? हे लिहिले ते विद्वानांच्या भाषेत नाही, खानावळीत मोठ्याने वाचता येईल अशा भाषेत.

आता ज्या गोष्टीसाठी आपल्याला इतक्या लांब आणले ती. १० मे १७७६ ला मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधी सभेने तिथल्या गावांना विचारणा केली. काँग्रेसने उद्या स्वातंत्र्य जाहीर केले तर तुमच्या गावचे लोक जीव आणि मालमत्ता पणाला लावून पाठीशी उभे राहतील का? सभा भरवा आणि कळवा. गावांनी खरोखरच सभा भरवल्या. शेतकरी, लोहार, चांभार, कोळी, पाद्री बसले, बोलले, ठराव लिहिले. बऱ्याच गावांनी ‘हो’ म्हटले. बार्नस्टेबलसारख्या गावी बहुमत तयार झाले नाही. इतर वसाहतींतही तालुके, कारागिरांच्या सभा, पलटणी यांनी असेच ठराव केले. इतिहासकार पॉलीन मेयर यांनी अशी नव्वदच्या आसपास कागदपत्रे शोधून काढली. टॉमस जेफर्सनचा जगप्रसिद्ध मसुदा आला तो या सगळ्यांच्या मागून. २ जुलैला काँग्रेसमध्ये मतदान झाले, ४ जुलैला मजकूर मंजूर झाला. त्या मजकुरात आरोपांची लांबलचक यादी आहे, आणि ते आरोप मंत्र्यांवर नाहीत, थेट राजावर आहेत. वर्षभरापूर्वीचा देवमाणूस यादीतला एकमेव आरोपी झाला होता.

पहिली गोळी ते घोषणा: साडेचौदा महिने. या काळात शस्त्रांनी काय केले ते लष्करी इतिहासात सापडते. पण लोकांचे मन फिरले ते गावच्या सभेत. महोदय, त्या सभा आणि आपल्या ग्रामसभा यांत फार फरक नाही. कोरमची भानगड तेव्हाही असणारच.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. ते वसाहतवाले म्हणजे इंग्रजांचेच भाऊबंद. भाऊबंदकीचे भांडण ते. ‘सर्व माणसे समान’ असे लिहिणाऱ्या जेफर्सनच्या मळ्यावर गुलाम राबत होते, आणि ज्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर हे सगळे उभे होते त्यांचा त्याच जाहीरनाम्यात निर्दय रानटी म्हणून उद्धार केलेला आहे. भंडाऱ्यातल्या एखाद्या गोंड किंवा हलबा मुलीने हा मजकूर वाचला तर ती स्वतःला कुणाच्या जागी पाहील, हे मला सांगायची गरज नाही. आपला लढा त्यांच्यासारखा होता असे मी म्हणत नाही. आपली वाट लांबची, आणि क्रमही उलटा.

लांब म्हणजे किती, ते पाहा. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. भंडारा त्यातच गेला. राणी बांकाबाईंनी अर्जविनंत्यांचा मारा केला. उपयोग शून्य, उलट राजवाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात निघाले. एवढे होऊनही १८५७ मध्ये याच बांकाबाई इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. मला तो डिकिन्सनचाच अर्ज वाटतो, फक्त फार लांबलेला: न्याय मिळेल तर वरूनच मिळेल, ही आशा सुटत नव्हती. पुढे आपल्याकडे काँग्रेस निघाली तीही अर्ज करायलाच. अर्ज, निवेदन, शिष्टमंडळ. आपल्या कार्यालयाच्या आवक नोंदवहीत हा वारसा आजही जिवंत आहे, हे पत्रही त्यातलेच.

डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला भरले. भंडाऱ्याहून तासा-दीड तासाच्या रेल्वेवर देशाचे ध्येय बदलले गेले: शांततेच्या आणि न्याय्य मार्गाने स्वराज्य. पण स्वराज्य म्हणजे साम्राज्याच्या आत की बाहेर, हे मुद्दाम मोघम ठेवले होते. पुढच्याच वर्षी अहमदाबादला हसरत मोहानींनी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. खुद्द गांधीजींनी विरोध केला आणि ठराव पडला. १९२३ मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. एका रस्त्यावरून चरख्याचा झेंडा घेऊन जायचे एवढ्यासाठी माणसे तुरुंगात गेली. १९२७ मध्ये मंचरशा आवारींनी शस्त्रबंदीच्या कायद्याविरुद्ध नागपुरात सत्याग्रह केला: शस्त्र बाळगायचे, पण चालवायचे नाही. जगाच्या इतिहासात असा अजब प्रकार दुसरा सापडेल असे वाटत नाही, आणि नागपूरकरांना त्याचे फारसे अप्रूप नाही याचे मला नेहमी नवल वाटते.

१९२८ मध्ये काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात वसाहतीचे स्वराज्य की संपूर्ण स्वातंत्र्य यावर मते मोजली गेली. सुभाषचंद्रांची संपूर्ण स्वातंत्र्याची उपसूचना ९७३ विरुद्ध १३५० अशी पडली. सीताबर्डीला एकशे अकरा वर्षे होऊन गेली होती आणि अजून बहुमत राजाच्या छत्राखाली राहायला तयार होते. सरकारला एक वर्षाची मुदत दिली. मुदत संपली, उत्तर आले नाही, आणि ३१ डिसेंबर १९२९ च्या मध्यरात्री लाहोरला रावीच्या काठी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव झाला.

ठराव पुढाऱ्यांचा. तो लोकांचा करायचा तर लोकांकडून वदवून घ्यायला हवा, म्हणून २६ जानेवारी १९३० हा दिवस ठरला. रविवार होता तो. देशभर सभा भरल्या. भाषणे न करता प्रतिज्ञा वाचली गेली आणि लोकांनी ती घेतली. आपला प्रजासत्ताक दिन २६ जानेवारीला का, याचे उत्तर हे आहे. राज्यघटना तर नोव्हेंबर १९४९ मध्येच स्वीकारून झाली होती. ती अमलात आणायला दोन महिने थांबले ते या रविवारासाठी. परेड पाहणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक असते, ते एकदा सहज विचारून पाहावे.

प्रतिज्ञेत काय होते? सुरुवात सरळ आहे: स्वातंत्र्य आणि आपल्या कष्टाचे फळ भोगणे हा माणसाचा हक्क आहे, आणि जे सरकार तो हिरावून घेते ते बदलण्याचा, मोडून टाकण्याचाही लोकांना हक्क आहे. ४ जुलैचा जाहीरनामा वाचलेल्याला हा सूर ओळखीचा वाटेल. पण लगेच मजकूर आपल्या अंगणात उतरतो. आपली सरासरी कमाई दिवसाला सात पैसे. करांचा पाचवा हिस्सा शेतसाऱ्यातून, तीन टक्के मिठावरून. सूतकताईसारखे गावधंदे बुडाले, त्यामुळे शेतकरी वर्षातले निदान चार महिने रिकामा बसतो.

हे वाक्य मोहाडीत, आंधळगावात, पवनीत कोष्ट्यांच्या आळीत वाचले गेले तर कसे वाटले असेल? ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पवनीचे तलम सूत आणि मोहाडीकडचा कोसा विणला, त्यांना मँचेस्टरच्या कापडाने काय केले हे कुणी शिकवायला नको होते. आणि वैनगंगेकाठच्या धानकऱ्याला रिकामे महिने म्हणजे काय ते पाठच असते. धान निघाला की पुढच्या पावसापर्यंत हातांना काम शोधायचे, नाही तर गाव सोडायचे. आजही उन्हाळ्यात नागपूरकडे निघालेल्या एसटीत बसलेली माणसे पाहा. पेनच्या पुस्तकात किंवा जेफर्सनच्या मसुद्यात मजुराच्या दिवसाच्या कमाईचा हिशेब नाही, आपल्या प्रतिज्ञेत आहे. मला ती त्यांच्यापेक्षा उजवी वाटते ती यासाठी. तिच्यात सक्तीच्या शस्त्रबंदीचीही तक्रार आहे, पण मार्ग म्हणून निवडली आहे ती अहिंसा. या राजवटीपुढे मान तुकवणे हा माणसांचा आणि देवाचा अपराध आहे, इथवर ती जाते. अर्जाची भाषा इथे संपली.

क्रम उलटा म्हणालो तो असा. अमेरिकेत आधी गोळी, मग घोषणा. आपल्याकडे घोषणा झाली आणि गोळ्या त्यानंतर लोकांनी छातीवर घेतल्या. त्याच वर्षी मध्यप्रांतात आणि वऱ्हाडात जंगल सत्याग्रह पेटला. हातात विळा, राखीव जंगलातले गवत कापायचे, एवढाच गुन्हा. ऑक्टोबर १९३० मध्ये सिवनी जिल्ह्यातल्या टुरियाला पोलिसांच्या गोळ्यांनी तीन आदिवासी बाया आणि एक पुरुष पडले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी पेटले आणि आपल्या तुमसरलाही गोळीबार होऊन माणसे हुतात्मा झाली. टुरियातल्या बाया किंवा तुमसरच्या रस्त्यावरची पोरे कुणा राजाला गादीवर बसवायला निघाली नव्हती. चिमणा पटेल आणि ती पोरे यांना एकाच फ्लेक्सवर, एकाच मथळ्याखाली दाटीवाटीने बसवले की दोघांवरही अन्याय होतो: पटेलांच्या तोंडी त्यांचे नसलेले शब्द जातात, आणि तुमसरच्या पोरांनी काय नवे म्हटले तेच हरवते.

आणि हे ज्या कचेरीविरुद्ध म्हटले गेले तिचे वारसदार आपण. राग मानू नये. डेप्युटी कमिशनरच्या त्या खुर्चीतून जमावबंदीचे हुकूम निघत. त्याच खुर्चीतून ही प्रतिज्ञा वाचण्याचे पत्रक निघाले तर त्यात एक न्याय आहे, आणि थोडा विनोदही.

म्हणून मागणी नेमकी लिहितो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत प्रतिज्ञेचा मराठी मजकूर गावातल्याच कुणीतरी वाचावा. सरपंच, ग्रामसेवक किंवा मुख्याध्यापकच हवेत असे नाही. बचत गटातली एखादी बाई, आठवीतला मुलगा, कुणीही चालेल. १९३० मध्ये ती लोकांच्या भाषेत वाचली जावी असे ठरले होते, तेव्हा साकोली, लाखनी, लाखांदूरकडे कुणी झाडीबोलीत उतरवून वाचली तर अडवू नये. गोंडीत वाचली तर फारच छान. पाहुणे, हार, नारळ, प्रास्ताविक काही नको. वाचून झाल्यावर ज्याला बोलायचे त्याने बोलावे. यातले सात पैसे आज किती झाले, रिकामे महिने भरले का, असे कुणी विचारलेच तर त्याला ‘विषयाला धरून बोला’ म्हणून खाली बसवू नये, कारण तोच विषय आहे. कुणी म्हणाला हे वाचायची गरज नाही, तर तेही इतिवृत्तात लिहावे. बार्नस्टेबलचे म्हणणे लिहून ठेवले गेले म्हणूनच अडीचशे वर्षांनी मला ते इथे सांगता आले.

कोरमचे काय, असे आपले अधिकारी विचारतील. शंभर माणसे किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, यातले जे कमी असेल ते जमत नाही आणि सभा तहकूब होते, हे मीही पुष्कळ पाहिले आहे. तहकूब सभेला कोरम लागत नाही. तिथेही वाचावी. दहा माणसे असली तरी वाचावी.

शेवटची एक बारीक विनंती, पण महत्त्वाची. विषयपत्रिकेत हा विषय मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे याच्या लगेच खाली घ्यावा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यांच्यात ढकलू नये. तिथवर येईपर्यंत अर्धी सभा घरी गेलेली असते.

कळावे,

आपला,
पवनी तालुक्यातला एक निवृत्त इतिहास शिक्षक